सेव्हिलला असलेल्या लेकीस

प्रिय पोरी,

परवा "पप्पा, मी इतिहासकार आहे, हे मला विचारू नका" म्हणून तू फोन ठेवलास. मी एवढंच विचारलं होतं, रविवारी चर्चला, मिस्साला जातेस ना? असो. तो विषय नकोच.

तुझा लेख डिक्शनरी घेऊन वाचला. १९६८ला तिथल्या, स्पेनमधल्या पाल्मार दे त्रोया गावाच्या माळावर चार पोरींना मरियामाउली दिसते काय, मग दृष्टान्तवाल्यांची रीघ लागते काय! त्यातला तो क्लेमेंते दोमिंगेस १९७६ला अपघातात डोळे गमावतो आणि १९७८ला पोप सहावे पॉल वारले तसा स्वतःच पोप होतो, सतरावा ग्रेगरी म्हणून. पॉलना व्हॅटिकनमध्ये कैदेत ठेवलंय, असं ही मंडळी सांगायची. बाबांना कळतं तर भांडायला सेव्हिल गाठलं असतं त्यांनी. १९६४च्या डिसेंबरात तेच पॉल मुंबईला आले, तेव्हा बाबा वसईहून पहाटेच्या गाडीने गेले नि गर्दीत चपला हरवून अनवाणी परतले. मरेपर्यंत सांगायचे, "पोपसाहेबांनी मला हात केला." सगळे माना डोलवायचे. तू एवढीशी, विचारलंस, "आजोबा, तुम्हालाच कशावरून?" तेव्हाच आईला म्हटलं, ही पोर गप्प बसायची नाही.

फादरना तुझा लेख दिला. "मुलगी निर्भीड आहे," म्हणाले. ते मी अख्ख्या आळीत सांगितलं.

पण या पाल्मारवाल्यांचा पंथ सोडला की घरचेही बोलायचे बंद होतात, असं तूच लिहिलंस. त्याच माणसांच्या मुलाखती तू दिवसभर घेतेस. देवाच्या नावाने मोडलेली घरं रोज ऐकायची आणि संध्याकाळी खोलीत एकटं बसायचं! अशाने मन विटतं. अभ्यास करणाऱ्याने गुडघे टेकू नयेत, असा कुठल्या विद्यापीठाचा नियम आहे? माणसाने कितीही शिकावं, पण... बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नकोस. उद्या आमच्याकडेही तू वही-पेन घेऊन लांबूनच बघशील, असं उगाच वाटत राहतं. जवळ एखादं साधं चर्च असेलच ना? नुसती जाऊन बस. नाहीतर राहू दे.

आगाशीच्या मावशीने सुकेळी दिलीत, ती पाठवतोय. आईशी बोलता येत नाही म्हणून रडणाऱ्या त्या बाईंना अर्धी दे. त्यांचं नाव कळव, तुझी आई रोझरीच्या प्रार्थनेत घेईल म्हणते.

तुझे पप्पा