माझ्या कादंबरीतल्या माणसाची रजा मोजणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून नाही लिहिलं. बँकही नाही, गावही नाही. पण आता एवढं पाळल्यावर बाकीचं मला लिहू द्या, कारण फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" करून विषय बदलता आणि माझं राहूनच जातं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी एक कादंबरी लिहिलीये, सायकॉलॉजिकल थ्रिलर. मुंबईत बीकेसीतल्या एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेच्या पैशाचे सौदे जिथं होतात तिथं, बसणारा माणूस एक छोटा तोटा लपवतो, उद्या भरून काढू म्हणतो, मग तो झाकायला दुसरा सौदा, मग तिसरा, आणि पुढचं सगळं पुस्तक त्याच्या डोक्यात घडतं. खून नाही, पाठलाग नाही, बंदूक तर नाहीच नाही. त्याला भीती एकच, की आपण जागेवर नसताना आपल्या टेबलावरचा फोन दुसऱ्या कुणीतरी उचलेल.

हे घेऊन मी कुठं कुठं फिरले ते काकांना माहितीये. एका प्रकाशकांनी तोंडावर विचारलं, "यात मरतं कोण?" कुणीच नाही म्हटल्यावर म्हणाले, मग एखादा खून टाका, फायनान्स म्हटलं की मराठी वाचक पान उलटतो. अहो, कुठला मराठी वाचक? डोंबिवली, ठाणे, पार्ले, दादर, जिथं घरटी एक माणूस बँकेत, एलआयसीत नाहीतर शेअरमध्ये, जिथं १९९२ सालचा घोटाळा लोकांनी पेपरात वाचला तसा स्वतःच्या घरातही सोसला, त्यांना बँकेची गोष्ट नको? असो. दुसरे एक गृहस्थ, पैसे घेऊन हस्तलिखितावर अभिप्राय देतात, त्यांनी लिहून पाठवलं की पात्रांना अधिक खोली द्यावी. झेरॉक्सवाल्याने मधलं एक पान उलटं लावलं होतं, ते तसंच उलटं परत आलं. आता खोली कुणाला द्यायची तुम्हीच सांगा.

आणि माझा तो इन्व्हेस्टमेंट बँकिंगवाला मित्र. त्याला मी फक्त एवढंच विचारलं होतं की सौदा झाल्यावर पुढं नक्की काय होतं, कोण बघतं, कोण सही करतं, तर "कॉन्फिडेन्शियल असतं गं, आणि तुला नाही कळायचं ते". कळायचं नाही म्हणे! मला वाटतं त्यालाच माहीत नसावं. त्याच्या मजल्यावर बॅक ऑफिसकडे, म्हणजे झालेल्या सौद्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे, कोण बघतंय, पंगतीत वाढप्याकडे बघतात तेवढंच.

तर अशा सगळ्यातून जाऊन मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही पहिलंच वाक्य काय बोललात, "मी कादंबऱ्या वाचत नाही." म्हटलं झालं. पण फाइल ठेवून घेतलीत. बँकेच्या इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा एवढीच होती की हे असं नसतं, ते तसं नसतं अशा चार खुणा करून मिळतील. त्या मिळाल्याच. सौदा करणारा आणि तो बुक करणारा एकच माणूस असूच शकत नाही, नोंद करणारा मेकर वेगळा, ती तपासणारा चेकर वेगळा, आणि जर एकच असेल तर मग तीच तुझी गोष्ट आहे हेही तुम्हीच सांगितलंत. बेरिंग्जचं उदाहरण दिलंत, १७६२ साली सुरू झालेली लंडनची बँक, १९९५ मध्ये सिंगापूरला बसलेल्या एका पोरानं बुडवली, तोच सौदे करायचा आणि मागच्या हिशेबावरही त्याचाच हात, ८८८८८ नंबरच्या खात्यात तोटे ढकलत गेला, ८२ कोटी ७० लाख पौंड, आणि शेवटी ती बँक विकली गेली एका पौंडाला. मी हे आधी वाचलं होतं, खोटं कशाला बोलू, पण तुम्ही सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की त्या पोराला रोज सकाळी ऑफिसात जावं लागत असेल आणि लोकांना गुड मॉर्निंग म्हणावं लागत असेल.

पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाहीच.

फाइल परत दिलीत तेव्हा शेवटच्या पानाला टाचणीने एक कागद लावला होता. जुन्या रजिस्टरचा असावा, त्यावर पेन्सिलने पट्टी धरून आखलेले रकाने. प्रकरण, महिना, प्रसंग, रजा. मला आधी कळेचना हे काय. मग वाचलं. गणपती, ऑफिसात. बहिणीचं लग्न, शनिवारी रात्री पोचला, रविवारी रात्री परत. डेंग्यू, लॅपटॉप घरी मागवला. आईचं वर्षश्राद्ध, व्हिडिओ कॉलवर. दिवाळी, पाडव्यालासुद्धा "जरा जाऊन येतो". असं पूर्ण पुस्तकभर, ओळीखाली ओळ, तुमच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात. आणि खाली बेरीज, एकूण रजा शून्य. त्याच्याखाली एक वाक्य, "इन्स्पेक्शनला असतो तर पहिल्याच वर्षी आपल्या माणसाचं टेबल आधी उघडलं असतं."

काका, मी तिथेच सोफ्यावर बसून रडले. काकू घाबरल्या, त्यांना वाटलं तुम्ही काहीतरी वाईट बोललात.

कारण कसंय, हे सगळं मीच लिहिलेलं होतं पण मला माहीत नव्हतं. कथेत त्याला ऑफिसात ठेवायची गरज पडायची म्हणून मी त्याला ठेवत गेले, लग्न आटपलं, श्राद्ध आटपलं, एवढंच. तुम्ही त्या माणसाकडे तो खराच आहे असं धरून पाहिलंत. नसलेल्या बँकेतल्या नसलेल्या माणसाचा रजेचा हिशेब कोण करतं हो? आणि "आपला माणूस" म्हणालात त्याला. इतके दिवस मी ज्यांच्या ज्यांच्याकडे हे बाड घेऊन गेले त्यांच्यापैकी एकानेही त्याला माणूस म्हटलं नव्हतं, सगळे "प्रोटॅगनिस्ट" म्हणत होते.

मग चहा झाला आणि तुम्ही बोलायला लागलात. मला तोपर्यंत रिझर्व्ह बँकेचा तो नियम माहीतच नव्हता, की बँकेत जोखमीच्या जागी बसणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवायचं, आधी न सांगता, अचानक. २०२१ च्या परिपत्रकात तर असंही आहे की त्या काळात ऑफिसचा ईमेल सोडला तर त्याला कामाच्या कशालाच हात लावता येता कामा नये, ना टेबलाला ना सिस्टिमला. मला वाटायचं सक्तीची रजा म्हणजे बँक कर्मचाऱ्याच्या तब्येतीची काळजी घेतेय! तुम्ही हसलात. म्हणालात, लपवाछपवीला रोज पाणी घालावं लागतं, दहा दिवस माणूस बाजूला झाला की आपोआप वर येतं. फ्रान्समधला तो ट्रेडर, २००८ मध्ये सोसिएते जेनेराल बँकेला ४९० कोटी युरोचा फटका बसला त्याच्या सौद्यांपायी, तोही रजा घ्यायला नाखूष असायचा. आणि आपल्याकडे पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण २०१८ साली बाहेर आलं ते कशामुळे, तर आधीचा अधिकारी निवृत्त झाला आणि त्या खुर्चीवर आलेल्या माणसाने नवीन हमीपत्रासाठी मार्जिन, म्हणजे तारण म्हणून आगाऊ रक्कम, मागितलं. एवढंच. बाकी स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या निरोपांच्या यंत्रणेवरून, मेसेज जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या सिस्टिममध्ये, त्याची नोंदच नाही, हे सगळं त्या एका साध्या प्रश्नानंतर.

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मी कादंबरीत तसंच्या तसं घेतलंय, आधीच परवानगी घेतली होती तरी इथे पुन्हा कबूल करते. की पकडलेली माणसं बहुतेक वेळा रडत नाहीत, जेवतात. तुम्ही एकाला विचारायला बसलात, दुपार झाली, त्याने सगळं सांगून टाकलं आणि मग डबा उघडून पोळीभाजी खाल्ली, अगदी शेवटच्या घासापर्यंत, आणि म्हणाला, साहेब, किती दिवसांनी चव लागली. न्यूयॉर्कला दाइवा बँकेचा तो माणूस, १९८४ पासून तोटा लपवत होता, ११० कोटी डॉलर झाले, आणि १९९५ मध्ये शेवटी त्याने स्वतःच साहेबांना पत्र लिहून सांगून टाकलं. मी तुम्हाला विचारलं होतं का सांगतात, तर तुम्ही खिडकीबाहेर बघून म्हणालात, "दमतात गं." एवढे थ्रिलर वाचलेत मी, गुन्हेगार दमतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि अजून एक. त्या माणसाला विचारायला बसायच्या आधी तुम्ही केबिनचं दार लावून घेतलं होतं आणि शिपायाला सांगितलं होतं की दोघांचाही चहा आण. मी विचारलं दोघांचा का, तर तुम्हाला प्रश्नच कळला नाही. "अगं, तोही बसलेला होता ना." काका, तुमच्या नोकरीत अशा माणसांची करिअर तुमच्या सहीने संपली असतील, आणि तरी बोलताना तुम्ही एकदाही कुणाला चोर म्हणाला नाहीत. चुकलं ते लिहायचं, पूर्ण लिहायचं, दयामाया न करता लिहायचं, आणि माणसाला चहा द्यायचा. असे लोक असतात बँकांमध्ये, शाळांमध्ये, तलाठी ऑफिसातसुद्धा असतात (हसू नका, मी पाहिलेत), ज्यांच्यामुळे काही घडत नाही, आणि घडलं नाही म्हणून कुणाला त्यांचं नाव कळत नाही. टीव्हीवर सगळ्या सिरीज घोटाळा करणाऱ्यांवर निघतात, त्याचे सूट, त्याच्या गाड्या, त्याचे डायलॉग. व्हाउचर मागे ढकलून "सही नाही यावर" म्हणणाऱ्या बाईवर कोण सिरीज काढणार? कादंबरीत मी ती बाई घातलीये, रिकन्सिलिएशनला, म्हणजे हिशेब ताडून जुळवायला, बसणारी, आधीच्या ड्राफ्टमध्ये ती दोन ओळीत यायची आणि जायची, आता सगळ्यात घाबरवणारं पात्र तीच आहे कारण ती फक्त प्रश्न विचारते. एका वाचणारीने तर मेसेज केला की ती बाई कॉरिडॉरमध्ये आली की माझ्या पोटात गोळा येतो. बघा, बंदूक लागली नाही.

ज्या प्रकाशकांनी शेवटी पुस्तक घेतलं त्यांनीही रजेचं प्रकरण वाचूनच हो म्हटलं. पहिल्या त्या "मरतं कोण" वाल्यांना एक प्रत कुरिअर करायचा मोह होतोय, नवरा म्हणतो राहू दे, बघू.

ऋणनिर्देशात नाव नको म्हणालात तर मी फक्त "एक निवृत्त इन्स्पेक्टर" लिहिलंय. त्यावरून माझ्या सासूबाईंना आता वाटतंय की मी पोलिसांची मदत घेतली, त्यांनी सोसायटीत सांगूनही झालंय. ते निस्तरायची जबाबदारी तुमची.

प्रत घ्यायला तुम्ही येऊ नका, जिन्याचा त्रास होतो तुम्हाला, मी रविवारी आणून देते. आणि ही छापून झालेली प्रत आहे काका, आता काही बदलता येणार नाही, तेव्हा कृपा करून पट्टी-पेन्सिल न घेता वाचा. काकूंना सांगून ठेवते मी लक्ष ठेवायला.

तुमची,
ट्रेझरीवाल्याची लेखिका