मराठी घरांत जाऊन बसणारे हवेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला की आपल्या बडोद्यात व्याख्याने होतात, काव्यवाचने होतात, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या उत्साहात भरच पडली आहे. हे कार्यक्रम अवश्य व्हावेत. परंतु त्यांना येतात ती ज्यांचे मराठी शाबूत आहे अशीच माणसे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत ज्या घरी आजी मराठीत विचारते आणि नातू गुजरातीत नाहीतर इंग्रजीत उत्तर देतो, ते घर सभागृहापर्यंत येत नाही. त्या घरापर्यंत आपणच गेले पाहिजे. हे कसे करता येते याचा एक नमुना मुलीकडे अमेरिकेतील युटा राज्यात राहत असताना मी जवळून पाहिला, आणि तो आपल्या वाचकांपुढे, विशेषतः येथील मराठी संस्थांपुढे, मांडावा असे मला मनापासून वाटते.

सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथे मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे तरुण धर्मप्रचारक जोडीजोडीने फिरत असतात. वयाच्या अठराव्या वर्षापासून (मुलींच्या बाबतीत नोव्हेंबर 2025 पर्यंत एकोणिसाव्या) मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी हे काम पत्करतात. पगार नसतोच, उलट अमेरिकेतील प्रचारकांच्या खर्चापोटी त्यांनी स्वतः किंवा घरच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची असते, जी जुलै 2020 पासून 500 डॉलर झाली. कोठे जायचे आणि कोणत्या भाषेत काम करायचे हेही पंथच ठरवतो. ज्यांच्या वाट्याला स्पॅनिश येते त्यांची काही आठवड्यांची तयारी प्रशिक्षण केंद्रात होते, आणि उरलेली भाषा त्यांना लोकांच्या स्वयंपाकघरांतच शिकावी लागते.

त्यांचा आठवडा फार शिस्तीचा असतो. सकाळी साडेसहाला उठणे, मग धर्मग्रंथांचे वाचन आणि भाषेचा अभ्यास, दुपारपासून घरोघरीच्या भेटी, रात्री साडेदहाला झोपणे. एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, वाणसामान आणि घरच्यांशी बोलणे यांसाठी राखलेला असतो. पूर्वी हे घरचे फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिन या दोनच दिवशी, करता येत. दर आठवड्याला बोलण्याची मुभा फेब्रुवारी 2019 मध्ये मिळाली. एरवी कोणाचे बिऱ्हाड हलवायला हातभार लाव, कोठे मोफत इंग्रजी शिकव, असे चाललेले असते, आणि रविवारी स्पॅनिशमधून उपासना होते, जिच्यात वस्तीतील साधी माणसे, किशोरवयीन मुलेसुद्धा, उभी राहून आपल्या भाषेत बोलतात.

माझ्या मुलीच्या शेजारी एक मेक्सिकन कुटुंब राहत असे. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा आजीबाई मक्याचे मळलेले पीठ मक्याच्या भिजवलेल्या सालीत, आपण हळदीच्या पानात पातोळ्या करतो त्या रीतीने, बांधत होत्या आणि दोन प्रचारक मुली शेजारी बसून साली निथळून, पुसून त्यांच्या हाती देत होत्या. त्यांतल्या एकीचे क्रियापद चुकले. आजीबाईंनी हात न थांबवता ते सुधारले, मुलीने वाक्य पुन्हा म्हटले, आणि ओल्या बोटांनीच खिशातली छोटी वही काढून लिहून घेतले. माझ्या मुलीला स्पॅनिश येते, ती मला सारे सांगत होती. टेबलाशी दहा-अकरा वर्षांचा नातू गृहपाठ करत बसला होता. तो आजीशी एरवी इंग्रजीतच बोलतो, असे त्याची आई म्हणाली. ती मुलगी आणखी एका शब्दाला अडली तेव्हा तो शब्द त्याने पुरवला, थोड्या वेळाने पुरे वाक्य सांगितले, आणि शेवटी पुस्तक मिटून तो त्यांच्यात येऊन बसला.

मी आयुष्यभर मराठी शिकवले, आणि मला त्या घटनेचे मर्म येथे दिसते. घरातली भाषा केवळ वडीलधाऱ्यांची उरली, तिला बाहेर कोणी विचारत नाही, असे मुलाला वाटू लागले की कितीही रागावले तरी ते ती बोलत नाही. परंतु एखादे परके, वयाने जवळचे, त्याला आवडणारे माणूस वही घेऊन तीच भाषा शिकायला घरी येते, तेव्हा आपल्यापाशी काही मोलाचे आहे हे त्याला कोणी न सांगता कळते. अमेरिकेत चार कोटींच्या आसपास लोक घरी स्पॅनिश बोलतात, तरीही तिसऱ्या पिढीत ती मागे पडते. मग बडोद्यातील मराठी नुसत्या भाषणांनी कशी टिकावी?

परक्यांनी येऊन मराठी शिकण्याची परंपरा आपल्याकडेही आहेच. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांची हजारो मराठी ओव्यांची रचना 1616 मध्ये छापली गेली. आपल्या शहरापुरते बोलायचे तर 1893 मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झालेले अरविंद घोष येथे राहून मराठी आणि गुजराती शिकले.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या प्रचारकांचा हेतू धर्मांतराचा असतो आणि तो ते लपवत नाहीत. आमच्या घराण्यात पंढरीची वारी आहे. त्यांचे निमंत्रण मी नम्रपणे नाकारले. नव्या देशात आलेल्या, कागदपत्रांच्या धास्तीत दिवस काढणाऱ्या कुटुंबांना मदत करताना तिच्याशी धर्मोपदेशाची सांगड घालणे मला मान्य नाही. शिवाय साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फेरा येतो. जिच्याशी मुलाचा सूर जुळला, तिचीच नेमणूक दुसरीकडे होऊ शकते.

हे वगळून घेण्यासारखे पुष्कळ आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, मराठी वाङ्मय परिषदेसारखी जुनी संस्था आहे, वाड्यावाड्यांतून गणेशोत्सवाची मंडळे आहेत. त्यांनी मिळून तरुणांच्या जोड्या कराव्यात: एक मराठी जाणणारा आणि दुसरा मराठी शिकू पाहणारा गुजराती किंवा हिंदीभाषक. दुसऱ्याची निवड अधिक काळजीने व्हावी, कारण घरातले मूल त्याच्यासाठीच बोलते होईल. जोडीने वर्षभर त्याच घरी, ठरल्या वारी, तासभर जावे. तेथे वर्ग घेऊ नये, स्पर्धा ठेवू नये, छायाचित्रे काढून प्रसिद्धी करू नये. आजीबरोबर भाजी निवडावी, आजोबांची जुनी पत्रे वाचून घ्यावीत, अडेल तो शब्द घरच्या मुलालाच विचारावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे जाताना घरच्यांची संमती आधी घ्यावी, एवढी दक्षता पुरे.

प्रारंभ दांडिया बाजारातील थोड्या घरांपासून करता येईल. तेथील ओळखीच्या कुटुंबांशी बोलण्याची आणि जोड्यांना सुरुवातीला सोबत करण्याची माझी तयारी आहे. ज्या संस्थांना यात रस असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्राद्वारे कळवावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
बडोदे