रविवारची वनस्पती-ओळख फेरी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जमायचं आहे. वही, भिंग आणि पाणी आणा. पिशवी नको, आपण काहीही तोडणार नाही.

या वेळी भर गुळवेलीवर. पान हृदयाच्या आकाराचं, एवढ्यावर विसंबू नका. तसं पान बऱ्याच वेलींना असतं. खोडाची कागदासारखी सुटणारी पातळ साल पाहा. आडव्या छेदात चाकाच्या आऱ्या दिसतात, त्यासाठी वाळलेला तुकडा मी आणतेय. कळलावी दिसली तर फोटो खुशाल काढा, पण कंद उकरू नका. तो जीवघेणा विषारी असतो.

नंतर औषधी वनस्पती सुचवण्याआधी माणसाची विचारपूस कशी करायची, याचा सराव. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय कुणालाही गुळवेल सुचवू नका. साखर जास्तच उतरू शकते. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.