ओदेमार पिगे म्हणजे नुसतं रॉयल ओक नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महागड्या घड्याळांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, चांगला आहे, पण ओदेमार पिगे या स्विस घड्याळ कंपनीबद्दल जे लिहिलंय ते सगळं तिच्या रॉयल ओक या घड्याळाबद्दलच, म्हणजे 1972, डिझायनर जेराल्ड जेंटा, अष्टकोनी बेझल (काचेभोवतीची कडा), आठ स्क्रू आणि विषय संपला. अहो, कंपनी 1875 ची आहे! रॉयल ओक आलं तेव्हा ती 97 वर्षांची होती, मग त्याआधी ही मंडळी काय करत होती?

तर ल ब्रासूस नावाच्या छोट्याशा स्विस गावात बसून अवघड घड्याळं बनवत होती. किती वाजले ते वाजवून सांगणारं म्हणजे मिनिट रिपीटरचं मशीन यांनी 1892 मध्येच मनगटावर मावेल एवढं केलं. 1955 मध्ये लीप वर्ष डायलवर दाखवणारं मनगटी पर्पेच्युअल कॅलेंडर, म्हणजे महिन्यांचे कमीजास्त दिवस स्वतःच सांभाळणारं घड्याळ, आणलं, तसं त्याआधी कुणी केलेलं नव्हतं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते 1978 चं. क्वार्ट्झच्या म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांनी स्विस धंद्याची पार वाट लावलेली, कारखाने धडाधड बंद पडतायत, आणि नेमकं तेव्हा यांच्या तीन कारागिरांनी गुपचूप खपून ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) पर्पेच्युअल कॅलेंडरचं मशीन तयार केलं, जाडी फक्त 3.95 मिलीमीटर! महिना 30 चा की 31 चा, फेब्रुवारी 28 चा की 29 चा, सगळं गिअर आणि लिव्हरच्या जोरावर त्याचं त्यालाच कळतं, घड्याळ बंद पडू दिलं नाही तर 2100 सालापर्यंत तारखेला हात लावायची गरज नाही, कारण 2100 ला चारने भाग जात असला तरी ते लीप वर्ष नाही. आणि हे मशीन आधी आलं ते साध्या गोल घड्याळात बरं का, रॉयल ओकमध्ये ते नंतर गेलं. बॅटरीच्या जमान्यात असलं काही करायला छाती लागते, आठ स्क्रू लावायला नाही (जेंटांचे चाहते चिडतील, चिडू देत).

1986 चं ऑटोमॅटिक टुरबियॉंही (गुरुत्वाकर्षणामुळे होणारी वेळेची चूक कमी करायला मशीनचा भाग फिरवत ठेवणारं घड्याळ) तसंच, जाडी वाचवायला घड्याळाची मागची बाजूच मशीनची मुख्य प्लेट करून टाकली, पण त्याचं नाव कोण काढतंय.

अर्थात दोष एकट्या तुमचा नाही, कंपनीनेच वर्षानुवर्षं तेच एक डिझाइन पुढे केलं, मग लोक दुसरं काय बघणार? 2019 मध्ये कोड 11.59 नावाचं गोल घड्याळ काढलं तेव्हा त्याची जी काय खिल्ली उडवली गेली ती निम्मी तरी ते रॉयल ओक नाही म्हणूनच होती असं माझं मत. त्याच कोडमध्ये 2023 ला त्यांनी हजारावर पार्टचं आपलं सगळ्यात गुंतागुंतीचं मनगटी घड्याळ बसवलं, रॉयल ओकमध्ये नाही, ही गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला हवी होती. आणि गंमत म्हणजे कोड बाजूने धरून बघा, गोल बेझलच्या खाली मधली केस अष्टकोनीच आहे!

आपला,
एक नियमित वाचक