विषय: 'सेव्ह झाले' दाखवूनही विद्यार्थिनीचा कोड गेल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी ऐरोलीत प्रोग्रामिंगचा छोटा क्लास चालवते. मुलांना आपापल्या घरून एकाच फाइलवर एकत्र काम करता यावे, म्हणून तुमच्या ब्राउझरमधल्या कोड एडिटरची वर्षाची वर्गणी भरली. जुन्या लॅपटॉपवरही काही इन्स्टॉल न करता पायथन चालते, ही सोय खरीच मोठी आहे.

गेल्या आठवड्यात दिघ्याची एक मुलगी आणि घणसोलीचा एक मुलगा मिळून प्रोजेक्ट करत होते. मध्येच मुलीचे नेट गेले. ती लिहीत राहिली, कारण वर 'सेव्ह झाले' अशी हिरवी खूण तशीच होती. नेट आल्यावर पानाने सर्व्हरवरची जुनी प्रत उघडली आणि तिने लिहिलेले अख्खे फंक्शन गेले. हिस्टरीतही ते सापडले नाही. सर्व्हरपर्यंत पोचलेच नव्हते, तर सापडणार कसे? दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट दाखवायचा होता. ती रडकुंडीला आली होती.

तुमच्या सपोर्टचे उत्तर आले, 'इंटरनेट स्थिर ठेवा.' हे मला मान्य नाही. कनेक्शन तुटणार, हे धरूनच असे एडिटर बांधायचे असतात. अनेकांचे बदल जुळवण्याची ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन ही पद्धत १९८९ पासून माहीत आहे. सीआरडीटी या नंतरच्या पद्धतीत तर नेट नसताना केलेले बदलही नंतर नीट मिसळतात, आणि वायजेएससारखी त्यासाठीची तयार कोडची लायब्ररी फुकट मिळते. नेट येईपर्यंत ते बदल ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबीत, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरच्या साठ्यात, ठेवता येतात. तुम्ही पैसे घेऊन एवढेही करत नसाल, तर निदान खूण तरी खरी दाखवा. 'ऑफलाइन' असे लाल अक्षरांत दिसले असते, तर तिने कोड कॉपी करून ठेवला असता.

अन्डूचेही तेच. एकाने कंट्रोल-झेड दाबले की दुसऱ्याची ओळ उडते.

सर्व्हरने बदल स्वीकारल्याशिवाय 'सेव्ह झाले' दाखवू नये, तुटलेल्या काळातले बदल जपावेत आणि अन्डू ज्याचे त्याला असावे. हे कधीपर्यंत कराल ते लेखी कळवा. जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. त्या दिवसाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
एक वर्गणीदार शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई