काल्पनिक राजधानीतल्या जुन्या वास्तूंविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

खेळाडू पात्रे होऊन कल्पित जगात वावरतात, अशा आपल्या नव्या खेळासाठी तू रचलेल्या राजधानीचा नकाशा मिळाला. वेशी, पेठा आणि घाट तू फार विचारपूर्वक आखले आहेस. माझे मन अडले ते त्या पाच ऐतिहासिक वास्तूंपाशी. प्रत्येकीपुढे बांधणाऱ्या राजाचे नाव आणि वर्ष आहे, पण त्यानंतरच्या शतकांत तिथे काय घडले याविषयी एक अक्षरही नाही. वास्तूला जुनेपण देतात ती तिच्यात मागाहून येऊन राहिलेली माणसे, असे माझे ठाम मत आहे.

क्रोएशियातील स्प्लिट शहर पाहा. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने निवृत्तीनंतर राहण्यासाठी इ. स. 305 च्या सुमारास तिथे समुद्रकाठी तटबंदीचा राजवाडा बांधून घेतला. सातव्या शतकात जवळचे सलोना नगर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले निर्वासित या तटाच्या आश्रयाला आले आणि आतच वसले. आजही तिथे माणसे राहतात. डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. पुढे त्याच्याच समाधीचे कॅथीड्रल झाले, आणि ते ज्या संत डोम्नियसच्या नावे आहे त्याला त्याच छळात मृत्यू आला होता. राजवाड्याची तळघरे मात्र वरच्या घरांतला केरकचरा पडून पडून भरून गेली आणि त्यामुळेच शाबूत राहिली. वरची बरीचशी दालने नाहीशी झाली असली, तरी तळघरांची रचना त्यांच्यासारखीच असल्याने अभ्यासकांना त्यांची मांडणी उलगडता आली.

खेळ चालवणाऱ्याला याहून मोठे दान कोणते हवे? तुझ्या राजवाड्याचा वरचा मजला कधीच जळून गेलेला असू दे. तळघरात उतरलेल्या खेळाडूंनी खांबांच्या रांगा पाहून वर सिंहासन कुठे होते हे स्वतः ताडावे, आणि त्या जागी आज एका तेल्याचा घाणा चालत असावा. मग त्यांना राक्षसाशी लढण्याआधी तेल्याची समजूत काढावी लागेल, आणि राजवाड्याचा इतिहास कुणी वाचून न दाखवताच त्यांच्या हाती लागेल.

नदीकाठच्या बुरुजाचे तू दीपगृह करावेस, आणि ते भर शेतात उभे असावे. तुर्कस्तानातील एफेसस हे एके काळचे भरभराटीचे बंदर नदीच्या गाळाने बुजले आणि आज त्याचे अवशेष समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत; तुझीही नदी तेच करू शकेल. शेतकरी अजून रोज तिथे दिवा लावतात, कारण पूर्वजांना दिवाबत्तीसाठी मिळालेली इनाम जमीन दिवा विझल्यास सरकारजमा होईल, एवढेच त्यांना ठाऊक आहे. तो दिवा कुणासाठी होता, हे खेळाडूंनी शोधावे.

ग्रंथालयाबद्दल मला खरी काळजी वाटते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक रोखण्यासाठी आहेत. ते पाहिले की त्या काळच्या लढाईत हत्ती होते हे आपोआप कळते. तुझ्या जगात आकाशातून आग ओकणारे ड्रॅगन येतात, आणि तू ग्रंथालयाला लाकडी छप्पर दिले आहेस! एक तर ते दगडी घुमटाचे कर, नाहीतर ते किती वेळा जळाले, कोणत्या पोथ्या आगीतून बचावल्या आणि प्रत्येक वेळी दुरुस्तीचा खर्च कोणी उचलला हे ठरव. जुन्या काळ्या दगडावर नव्या विटांचे थर दिसले, तर चौकस खेळाडू नक्की विचारेल.

मंदिर आहे तसेच राहू दे. विजयस्मारक मात्र काढून टाक. त्याचा कुणी कधी वापरच केलेला नाही, त्यामुळे त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही.

तेल्याच्या घराण्याला ती जागा कोणी आणि कशाच्या बदल्यात दिली, एवढे ठरवून पुढच्या पत्रात कळव. त्यावरून तळघराचा आराखडा मी काढून पाठवतो.

तुझा स्नेहांकित मित्र