दुकानदार उमेदवाराला वही उघडायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नगरपालिका निवडणुकीच्या निमित्ताने आपल्या अंकात आलेले एका वाचकाचे पत्र वाचले. या वेळी उमेदवारांत दुकानदारांचा भरणा आहे, आणि खिळे-स्क्रू मोजणाऱ्यांना कारभारातले काय कळणार, असा त्यांचा सवाल आहे. मी बार्शीत हार्डवेअरचे दुकान चालवतो, वडिलांच्या वेळेपासूनचे. म्हणून हे उत्तर.

माझी मुलगी कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या केलोना गावी असते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा डब्ल्यू. ए. सी. बेनेट हे नाव कानावर आले आणि मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. बेनेट हे केलोनाच्या बाजारपेठेतले हार्डवेअर दुकानदार. 1952 ते 1972 अशी सलग 20 वर्षे ते प्रांताचे प्रीमियर होते, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच. इतकी वर्षे त्या खुर्चीवर तिथे दुसरे कोणी बसलेले नाही.

जन्म 1900 चा, पार पूर्वेकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला. नववीत शाळा सुटली ती हार्डवेअरच्या दुकानातल्या नोकरीसाठी. पुढे एडमंटनला घाऊक मालाच्या कंपनीत काम, मग वेस्टलॉक नावाच्या लहान गावात भागीदारीत दुकान. 1930 साली, मंदी सुरू झालेली असताना, त्यांनी केलोनात येऊन चालते दुकान विकत घेतले. त्या धाडसाची किंमत आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. मंदीत गिऱ्हाईक येत नाही असे नसते. येते, पण उधारीवर. पेरणीच्या तोंडावर फावडे, टिकाव, पाइपचे जोड तर लागतातच, आणि पैसे तूर बाजारात गेल्यावर. कोणाला किती थांबायचे आणि कोणाला नाही म्हणायचे, हे दुकानदार रोज सकाळी ठरवतो. त्यात चुकला तर वर्षअखेरीला शटर ओढावे लागते. कारभार म्हणजे याहून वेगळे काय असते?

केलोनाचा मुलूख सफरचंदांचा. मंदीत फळ सडू लागले, तेव्हा त्याचे काहीतरी व्हावे म्हणून गावातल्या काही जणांनी 1932 मध्ये वाइनचा कारखाना काढला. बेनेट त्याचे पहिले अध्यक्ष. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला हा माणूस, पण बागायतदाराचे फळ सडते आहे हे त्याला दुकानात बसून दिसत होते. 1941 साली ते प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले, तेव्हा त्यांनी त्या कारखान्यातले आपले शेअर विकून टाकले. कारण दारूविक्री प्रांत सरकारच्या हातात होती आणि आता ते त्याच विधिमंडळात बसणार होते. ही एवढी गोष्ट मला त्यांच्या सगळ्या धरणांपेक्षा आणि पुलांपेक्षा मोठी वाटते.

सत्ता त्यांना सहज मिळाली नाही. आपल्या पक्षाचे नेतृत्व मिळवायला दोनदा उभे राहिले आणि दोनदा हरले. मग पक्ष सोडला, अपक्ष बसले आणि शेवटी सोशल क्रेडिट या तेव्हा अगदीच किरकोळ असलेल्या पक्षात गेले. 1952 मध्ये त्या पक्षाला 48 पैकी 19 जागा मिळाल्या आणि समोरच्या समाजवादी पक्षाला 18. निकालानंतर आमदारांनी बेनेटना नेता निवडले. निवडून आलेल्यांत बहुतेक नवखे होते.

या सरकारने जे केले त्यात दुकानदाराची नजर पदोपदी दिसते. गिऱ्हाइकापर्यंत माल पोचला पाहिजे, हे पहिले. म्हणून रस्ते, पूल, उत्तरेकडे रेल्वे. व्हँकुव्हर बेटाकडे जाणाऱ्या खासगी बोटी 1958 च्या संपात बंद पडल्या, तेव्हा सरकारने स्वतःच्या बोटी घालायचे ठरवले आणि 1960 मध्ये ती सेवा सुरूही झाली. वीज कंपनी 1961 मध्ये सरकारच्या ताब्यात घेतली. खासगी धंद्याचा कैवारी म्हणवणाऱ्या माणसाने हे केले, हे ध्यानात घ्या. (त्या घाईची किंमतही मोजावी लागली. 1963 मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि भागधारकांना जास्त पैसे द्यावे लागले.) पीस नदीवरचे 183 मीटर उंचीचे धरण आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपले कोयनेचे 103 मीटर आहे.

आता अडचणीचे. मी त्यांचा चाहता आहे, पण वही वाचता येणारा चाहता आहे.

बहुतेक सारा काळ अर्थखाते बेनेटनी स्वतःकडेच ठेवले होते. 1959 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केले की प्रांत कर्जमुक्त झाला. केलोनाच्या तळ्यात तराफ्यावर सुमारे 7 कोटी डॉलरचे रद्द झालेले रोखे रचले आणि त्यांच्यावर पेटता बाण सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण रेल्वेचे, पुलांचे, वीजमंडळाचे कर्ज तसेच उभे होते आणि वाढतही होते. फक्त ते प्रांताच्या नावावर नव्हते. ते त्या त्या मंडळाच्या नावावर होते आणि प्रांत जामीन होता. हिशेबात त्याला संभाव्य देणे म्हणतात. आमच्या पेठेत एखाद्याने दुकानाची उधारी भावाच्या खात्यावर टाकली, स्वतः हमी दिली आणि मी कर्जमुक्त झालो म्हणून पेढे वाटले, तर शेजारचा दुकानदार पेढा घेईल, पण माल उधार देणार नाही. बेनेटना हे कळत नव्हते असे मी मानत नाही. त्यांना पक्के कळत होते, आणि म्हणूनच मला त्याचा त्रास होतो.

याहून वाईट म्हणजे त्यांच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत विधिमंडळात कोण काय बोलले याची शब्दशः नोंद छापलीच जात नव्हती. ती अर्धवट सुरू झाली 1970 मध्ये आणि पूर्ण 1972 मध्ये, म्हणजे ते जाता जाता. रात्र रात्र बैठका चालवून आमदार थकले की विधेयके मंजूर करून घेतली जात. त्यांच्या मंत्रिमंडळातला वनमंत्री लाच घेतल्याबद्दल 1958 मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेला. विधिमंडळात त्याच्यावर आरोप झाला होता 1955 मध्ये. तीन वर्षे गेली.

आणि धरण. त्या जलाशयाखाली त्से के डेने या आदिवासींची शिकारीची रानं, वाटा, राहती ठिकाणं गेली. त्यांना नीट विचारलेसुद्धा नव्हते. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे माझी गिऱ्हाइके आहेत. वीज आणि पाणी ज्यांना मिळाले त्यांच्या वहीत ते जमा दिसते. ज्यांचे गेले त्यांच्यासाठी पानच उघडलेले नसते.

तर त्या वाचकांना माझे म्हणणे असे. दुकानदाराला कारभार कळतो. मालाचा साठा, उधारी, वसुली, गरजू गिऱ्हाईक आणि लबाड गिऱ्हाईक यांतला फरक, हे सगळे तो कोणत्याही पुस्तकाशिवाय शिकलेला असतो. त्याच्या हाती नगरपालिका द्यायला मी मुळीच घाबरणार नाही. फक्त दुकानात जी वही तो रोज संध्याकाळी खरी लिहितो, तीच खुर्चीवर बसल्यावर लिहील का, हे आधी विचारले पाहिजे. ते विचारायचे काम आपल्या वृत्तपत्राचे आहे.

शपथपत्रात व्यवसायाच्या रकान्यात नुसते "व्यापार" लिहून उमेदवार मोकळे होतात. कशाचा व्यापार? पाइप, सिमेंट, पथदिव्यांचे साहित्य हे नगरपालिकेला रोज लागणारे सामान आहे, आणि ते विकतो आम्हीच. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्याला नगरसेवक राहता येत नाही, असे 1965 चा नगरपरिषद कायदा सांगतो. म्हणूनच माल मेव्हण्याच्या किंवा पुतण्याच्या फर्मच्या नावाने जातो, हे पेठेत सर्वांना ठाऊक आहे. बेनेटनी शेअर विकले तसे आमच्यातला कोण करील?

आपण उमेदवारांच्या मुलाखती छापणार आहात असे वाचले. त्यात दुकानदार असलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात ही विनंती. निवडून आल्यास तुमचे किंवा घरातल्या कोणाचेही दुकान पालिकेला माल देणे बंद करील का? पालिकेने स्वतः घेतलेले आणि हमी दिलेले कर्ज एकत्र मिळून किती आहे, हे दर वर्षी फलकावर लावाल का? सभेत कोण काय बोलले याचे इतिवृत्त आठवड्याच्या आत लोकांना वाचायला मिळेल का? उत्तरे हो किंवा नाही अशी, नावासह छापा. आमच्या पेठेतलेही काही उमेदवार आहेत आणि त्यांच्याशी माझे चांगले संबंध आहेत. त्यांनाही हेच विचारा.

आपला,
एक हार्डवेअर दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर